मगदूम साहेबांचा हत्ती

मगदूम साहेब कुठेही गेले की आधी खांबांना भेटायचे आणि मग माणसांना. लग्नघर असो, बँक असो नाहीतर कुणाकडे भेटायला जाणं असो, दारात चप्पल काढली की ते जवळच्या खांबापाशी जायचे, कलिंगड घेताना वाजवून बघतात तसं दोन बोटांनी त्याला वाजवायचे, मान वर करून बीमपर्यंत नजर न्यायचे आणि एक सुस्कारा सोडून म्हणायचे, "उभा हाय. पण आदळला तर?"

काय आदळला तर, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की अर्धा तास गेलाच. ट्रक, उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट, पुरात वाहून आलेलं झाड, गच्चीवरून सुटलेली पाण्याची टाकी, फुटलेला सिलेंडर, असं काही ना काही साहेबांच्या डोक्यात सतत कशावर तरी आदळत असायचं. बाकीचे इंजिनियर इमारतीवर रोज येणारा भार मोजतात. माणसं, कपाटं, वारा आणि फार तर भूकंप. साहेबांना काळजी असायची ती बहुतेक कधीच न येणाऱ्या भाराची. जो एकदाच येतो, चुकून येतो आणि नको त्या बाजूनं येतो, त्याच्यापुढं काँक्रीटनं कसं उभं राहावं, हा त्यांचा जन्माचा ध्यास होता. बांधकाम कोसळूच नये असं त्यांचं म्हणणं नसायचं. "वाकलं तरी चालंल," ते म्हणायचे, "पण कडाक्कन तुटायचं न्हाई. आतल्या माणसाला चपला घालून भाईर पडायला येळ मिळाला पायजे." चपला घालून, हे ते दर वेळी न चुकता म्हणायचे.

सांगलीत विश्रामबागेत त्यांचं ऑफिस आणि माझं ऑफिस यांच्यामध्ये एक भिंत होती. मी आर्किटेक्ट. नकाशा मी काढायचा आणि त्यात खांब केवढा, सळया किती हे त्यांनी ठरवायचं, असा आमचा पुष्कळ वर्षांचा धंदा आणि तितक्याच वर्षांचं भांडण. मला खांब बारीक लागतो. इमारत जमिनीवर ठेवल्यासारखी नाही, टेकल्यासारखी दिसावी असं मला कॉलेजापासून वाटत आलं आहे. साहेबांना ती गाडून घेतल्यासारखी हवी असायची.

"बाई," ते म्हणायचे, मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही, "खांब जरा अंगानं असावा. उपाशी दिसू नये."

"साहेब, तुमच्या खांबामुळं माझ्या बाल्कनीत माणसाला उभं राहता येत नाही."

"माणसाचं काय, त्यो पळून जाईल की. खांबाला पळता येतं का?"

मी माझ्या खोलीत जाऊन दार जरा जोरात लावायचे, आणि पलीकडून साहेबांचा आवाज यायचा, "बघा, भिंत हालली."

दिसायला ते स्वतः त्यांच्या खांबांच्या अगदी उलटे होते. काडीसारखे. पांढरा फुल शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेलं, कानावर पेन्सिल आणि खिशात घडीची फूटपट्टी. साहेब जैन. सूर्यास्तानंतर ते जेवायचे नाहीत, पण सूर्यास्तानंतर वाद घालायला त्यांच्या धर्मात कुठं मनाई नव्हती, आणि पोट भरलेलं असल्यामुळं संध्याकाळच्या वादात तेच जिंकायचे. आम्ही भुकेले. घरमालक भुकेला, कंत्राटदार भुकेला, मी भुकेली. तरीही शेवटी आम्ही तिघं मिळून त्यांचे खांब बारीक करून घ्यायचोच. नियमात जे बसतं त्याच्या खाली साहेब एक सूतही उतरायचे नाहीत, पण नियमाच्या वरचं, त्यांच्या मनातलं जे असायचं, ते सगळं आम्ही काढून घ्यायचो. ते हसायचे, फूटपट्टी मिटून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "बरं, ऱ्हायलं. यील तवा बघू." मला वाटायचं, यांना काही वाटत नाही.

माझं माहेर औंधचं. लोणंदला एका गोदामाचं काम बघून परतताना मी वाट वाकडी करून साहेबांना आमच्या घरी घेऊन गेले. वडिलांनी तेव्हा घरापुढं एक पडवी काढायला घेतली होती. चहा यायच्या आधीच साहेब पडवीच्या कोपऱ्यात जाऊन उभे. "इथं काय आदळंल?"

वडील म्हणाले, "आवं सायेब, ह्या बोळात म्हस सुदिक तिरकी हून येती. ट्रक कुठनं येनार?"

मला वाटलं, भेटला एकदाचा साहेबांना कुणीतरी. साहेब थांबले, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "म्हस केवढी हाय?"

"हाय की चांगली. मुऱ्हा हाय."

"पळती का?"

"सांजच्याला रेडकाच्या वढीनं येती. तवा म्होरं कोन आलं तर बगत न्हाई."

झालं. साहेब म्हशीसाठी थांबले. आम्हाला अंधार पडायच्या आत सांगलीचा रस्ता धरायचा होता, पण ते ओट्यावर मांडी घालून बसले, आईनं वेळेत वाढलेलं पिठलं-भाकरी जेवले आणि म्हैस येईपर्यंत बोळाच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हैस आली. खरोखरच ती कुणाकडे न बघता आली, आणि साहेबांनी तिच्या वळणाकडे ज्या डोळ्यांनी बघितलं ते मी विसरले नाही. लेकाचा पहिला नंबर आलेला बाप तसा बघतो. मग त्यांनी वडिलांना खांब किती घालायचा ते सांगितलं. माझं आजवर एकही न ऐकलेल्या माझ्या वडिलांनी ते मुकाट्यानं ऐकलं.

म्हैस काही आदळली नाही. ती रोज संध्याकाळी येते आणि त्या खांबाला मनसोक्त अंग घासते. वडील जो येईल त्याला सांगतात, "त्या सायबांनी म्हशीची सोय लय ब्येस केली." मी हे साहेबांना हसत हसत सांगितलं, तर ते गंभीर झाले. "घासण्याचा भार मी धरला नव्हता," ते म्हणाले आणि थोडा वेळ विचार करून, "पण चालंल."

त्यांची दुसरी खोड याहून अवघड होती. कुठलीही इमारत बघताना ते मनातल्या मनात तिचा एक खांब उचलून बाजूला ठेवायचे आणि उरलेली उभी राहते का ते बघायचे. "एक गेला तर शेजाऱ्यानं खांद्यावर हात टाकून धरलं पायजे. न्हाईतर एका पाठोपाठ एक सगळी जात्यात." हे इमारतीपुरतं ठीक होतं. साहेब ते सगळीकडे करायचे. त्यांच्या पुतणीच्या लग्नाची बैठक होती आणि शेजारधर्म म्हणून मीही होते. यादी वाचून झाली. साहेबांनी विचारलं, "आचारी आला न्हाई तर?" दुसरा आचारी सांगून ठेवायचं ठरलं. "बँडवाला आला न्हाई तर?" दुसरा बँड. फोटोवाला, मंडपवाला, पाण्याचा टँकर, विधी सांगणारे पंडित, सगळ्यांना एकेक पर्याय ठरला. सगळे खुशीत होते. मग साहेबांनी अगदी त्याच सुरात, चष्मा पुसत विचारलं, "आणि नवरदेव?"

नवरदेवाच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

साहेबांच्या पत्नी, सुनंदावहिनी, आतून पदर खोचत आल्या. "ह्यांचं काय मनावर घिऊ नका. ह्ये घरात बी असंच बोलत्यात. काल मला इचारत हुते, जिना न्हाई असं समज, मग उतरशील कशी?"

लग्नाच्या दिवशी सगळे आले. म्हणजे सगळेच आले. दोन आचारी, दोन बँड, दोन फोटोवाले. दोन्ही आचाऱ्यांनी एकमेकांवर विश्वास न ठेवता पूर्ण स्वयंपाक केला आणि पाहुण्यांना दोन तऱ्हेची आमटी जेवावी लागली. दोन्ही बँड एकाच वरातीत वेगवेगळी गाणी वाजवत निघाले. पंडितांचं मात्र जमलं, एक थकले की दुसरे पुढचं म्हणायचे. घोडा तेवढा एकच सांगितला होता. दोन बँड ऐकून तोच बिथरला आणि गेला. नवरदेव हार सावरत चालत मांडवात आला. सगळे साहेबांवर चिडायच्या बेतात असताना साहेब मला म्हणाले, "बघा की बाई. जे एकच ठेवलं, तेच गेलं."

आता मूळ गोष्टीकडे येते. तासगावच्या रस्त्याला एका वळणावर बापूंनी मंगल कार्यालय बांधायला काढलं. बापू बेदाण्याचे व्यापारी. माणूस भला, पण ज्याचा आवाज शेवटचा कानावर पडेल त्याचं ऐकणारा. कार्यालयाची पुढची पोर्च ही माझी आयुष्यातली सगळ्यात आवडती रेघ होती. मोठं छत आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यावर त्याला अलगद धरणारा एकच, बारा इंची, गोल, गोरापान खांब. साहेब जागा बघायला आले आणि दुपारभर हात मागं बांधून वळणाकडे तोंड करून उभे राहिले. द्राक्षांच्या गाड्या वळत होत्या, उसाच्या वळत होत्या. संध्याकाळी ते मुहूर्त सांगावा तसं म्हणाले, "बाई, इथं यील."

मी हसले. बापूही हसले. आणि त्याच हंगामात एक ट्रक ते वळण चुकला आणि समोरच्या बंद पानटपरीत शिरला. टपरीत कुणी नव्हतं आणि ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, पण टपरी ओळखू येईना. बापू तसेच गाडीत बसून सांगलीला आले.

"सायेब, घाला किती जाड घालायचा त्यो."

मालकाच्या तोंडून हे वाक्य साहेबांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आपल्या खोलीत गेले आणि दार आतून लावून घेतलं. भिंतीला कान लावायचा माझा स्वभाव नाही, पण त्या दिवशी लावला. आत साहेब गुणगुणत होते.

जो खांब निघाला तो अडीच फूट रुंद आणि अडीच फूट जाड होता. आत सळयांना बांधणाऱ्या रिंगा इतक्या जवळ जवळ की सेंट्रिंगवाले म्हणाले, ह्यात खडी जायाची कुठनं. शिवाय छत असं बांधलेलं की खांब पुरा उडाला तरी ते वरच्या वर लटकून राहील. मी म्हटलं, "साहेब, खांब गेला तरी छत राहणार असेल, तर मग खांब हवा कशाला?"

साहेबांनी बराच विचार केला. "सोबत म्हणून," ते म्हणाले.

काँक्रीट ओतलं त्या दिवशी साहेब उजाडल्यापासून उभे होते. पुढं कितीतरी दिवस ते सांगलीहून एसटीनं यायचे आणि खांबाला गुंडाळलेल्या गोणपाटावर स्वतः पाणी मारायचे. बापूंची माणसं सांगायची, सायेब आंघुळ घालून गेलं.

पण भीती फार दिवस टिकत नाही. टपरी नवी झाली, ट्रक नीट वळत राहिले आणि कार्यालयात लग्नं लागायला लागली. मग खांब दिसायला लागला. नवरा-नवरीच्या प्रत्येक फोटोत तो तिसरा माणूस असल्यासारखा यायचा. वरातीतले लोक त्याला मगदूमांचा हत्ती म्हणायला लागले. कुणीतरी त्याला सोंड काढली, खडूनं. एका वरमायनं बापूंना तोंडावर सांगितलं की कार्यालय छान आहे, पण दारात ते काय बसवलंय. हा आवाज शेवटचा कानावर पडलेला होता. बापूंनी ठरवलं, दोन्ही अंगानं खांब तासून घ्यायचा.

आम्ही तिघं खांबापाशी उभे होतो. साहेबांचा चेहरा उतरला.

"तासला तर रिंगा उघड्या पडत्यात बापू. मग त्यो खांब न्हाई, खांबाचं सोंग."

"सायेब, टरक आला न्हाई की आजवर."

"आला न्हाई म्हून तर..." एवढं बोलून साहेब थांबले. पुढं त्यांच्याकडं काही नव्हतं. असल्या माणसाची हीच अडचण असते. त्यानं केलेलं बरोबर आहे हे दिसायला आधी काहीतरी वाईट घडावं लागतं, आणि ते घडावं असं त्याला वाटत नाही.

परतताना ऑफिसच्या जिन्यात ते मला म्हणाले, "बाई, तुमी सगळ्यांनी माझे सगळे खांब बारीक केले. मी मनावर घेतलं न्हाई. आता हे शेवटचं काम. हुबळीला पोरगी बोलावती, ऑफिस बंद करणार. एक तरी माझ्या मनासारखा उभा ऱ्हाऊ दे की."

मला वाईट वाटलं, फार वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मनात हेही आलं की तासला तर माझी पोर्च निदान थोडी तरी मला परत मिळेल.

याच सुमारास सुनंदावहिनी स्वयंपाकघरात स्टुलावरून घसरल्या आणि त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये गेला. मग कळलं की जगातल्या प्रत्येक इमारतीचा एक खांब काढून बघणाऱ्या साहेबांनी स्वतःच्या घरातला तेवढा कधी काढून बघितला नव्हता. त्यांना चहा येत नव्हता. गॅस पेटवायची भीती, सिलेंडरबद्दल फार माहिती असल्यामुळं. त्यांची लाल छोटी मोटार वहिनीच चालवायच्या. साहेब आजवर मागच्या सीटवर मधोमध बसून पुढच्या ट्रककडे लक्ष ठेवायचं काम करत आले होते. आता वहिनींना दवाखान्यात न्यायला कुणी नाही. "एकच ठेवलं हुतं बाई," साहेब मला म्हणाले, आणि मला पुतणीच्या लग्नातला घोडा आठवला. हे मी वहिनींना सांगितलेलं नाही.

साहेब गाडी शिकले. म्हणजे दोघं मिळून शिकले. स्टिअरिंग आणि पायाखालचं साहेबांकडं, आणि शेजारी बसून उजव्या हातानं गिअर टाकायचं वहिनींकडं. वहिनी म्हणायच्या "क्लच", साहेब दाबायचे आणि वहिनी गिअर बदलायच्या. दुसऱ्या गिअरच्या पुढं प्रकरण कधी गेलंच नाही. विश्रामबागेत पोरं त्यांच्या गाडीबरोबर चालत चालत गप्पा मारायची.

बापूंनी काँक्रीट फोडणारा ब्रेकरवाला सांगितला त्या सकाळी मला बोलावलं, किती तासायचं त्याच्या खुणा करून द्यायला. मी निघताना साहेबांना फोन केला. न सांगणं बरं दिसलं नसतं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी खडूनं रेघ मारली. ब्रेकरवाल्यानं वायर लावली. बापू खुर्ची टाकून बसले. तेवढ्यात वळणावर लाल गाडी दिसली. एक सायकलवाला तिला मागं टाकून पुढं आला. काचेतून दोघांची तोंडं हलताना दिसत होती. गाडी वळली, आवारात शिरली आणि सरळ यायला लागली. आम्हाला वाटलं, थांबेल. ब्रेकरवाला शहाणा, तो आधी बाजूला झाला. वहिनी मागाहून सांगत होत्या, "मी म्हनलं, क्लच. ह्ये बगत हुते खांबाकडं. जे दाबायचं न्हाई त्येच दाबलं."

धाडकन आवाज झाला.

बॉनेट रुमालासारखं दुमडलं. बापूंना द्यायला आणलेली भडंगाची पिशवी फुटली आणि गाडीभर चुरमुरे उडाले. साहेब दार उघडून बाहेर आले. केसांत चुरमुरे, कानावर पेन्सिल जागच्या जागी. ते बॉनेटकडे बघेनात. थेट खांबापाशी गेले, दोन बोटांनी वाजवला, मान वर करून छतापर्यंत नजर नेली. मग एकदम काही आठवल्यासारखे पळत दुसऱ्या दाराशी गेले. "लागलं का गं?"

"मला न्हाई," वहिनी म्हणाल्या. "भडंग गेलं."

खांबावर लाल रंगाचा एक ओरखडा होता. बाकी काहीही नाही. माझी खडूची रेघसुद्धा पुसली गेली नव्हती. बापू खुर्चीतून उठून उभे होते आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"सायेब," ते हळूच म्हणाले, "आदळला की."

साहेबांनी मान हलवली आणि केसांतला एक चुरमुरा काढून खिशात टाकला. बापू ब्रेकरवाल्याकडे वळले. "काड रं ती वायर. ऱ्हाऊ दे ह्यो खांब. म्याडमचा बारका असता तर आज छप्पर डोक्यात बसलं असतं."

इथं कुणीही माणूस गप्प बसला असता. आयुष्यभराचा वाद जिंकला होता, आणि मालक स्वतःच्या तोंडानं तसं म्हणत होता. पण साहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी वाकलेल्या गाडीकडे बघितलं, वळणाकडे बघितलं, ओठ हलवले. मला समजलं, हा माणूस गणित करतोय.

"न्हाई बापू," ते म्हणाले. "ही गाडी केवढी, आमचा वेग केवढा. ह्याला बाईंचा बारा इंचीसुद्धा हू की चू न करता उभा ऱ्हायला असता."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. बापू गोंधळले. त्यांनी साहेबांकडे बघितलं, वायर हातात धरून उभ्या असलेल्या ब्रेकरवाल्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमी सांगा. ऱ्हायला असता का तुमचा खांब?"

राहिला असता. मला ते पक्कं माहीत होतं. माझा गोल, गोरापान खांब त्या दुसऱ्या गिअरमधल्या गाडीपुढं निवांत उभा राहिला असता. मला तो अजून डोळ्यांपुढं दिसत होता. आणि चुरमुऱ्यांनी भरलेले मगदूम साहेब माझ्याकडे, आता ही तरी बरोबर उत्तर देईल, अशा विश्वासानं बघत होते.

"नसता राहिला," मी म्हणाले.

साहेबांनी तोंड उघडलं. वहिनींनी प्लास्टरचा हात त्यांच्या खांद्यावर असा काही आपटला की ते वाकले, पण तुटले नाहीत. "गप बसा की जरा," त्या म्हणाल्या. शेवटचा आवाज माझा ठरला, आणि बापूंनी ब्रेकरवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं.

त्यानंतर साहेब दोन-तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीपलीकडून येरझाऱ्यांचा आवाज यायचा. एक दिवस दार ढकलून ते आत आले, चेहरा उजळलेला.

"बाई, भरलेला द्राक्षाचा ट्रक धरून करून बघितलं. तुमचा बारा इंची जातो."

"मग?"

"मग तुमी बोलला ते बरोबर हाय. गाडी तेवढी चुकीची धरली." आणि समाधानानं निघून गेले. त्या रात्री ते झोपले असणार.

साहेब हुबळीला जायच्या आधी बापूंनी त्यांना कार्यालयात एका लग्नाला बोलावलं. तोवर त्या लाल ओरखड्याची गोष्ट पंचक्रोशीत झाली होती, आणि सांगणाऱ्यांच्या तोंडी लाल गाडीचा ट्रक झाला होता. खांबाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आता लोक मुद्दाम त्याच्यापाशी उभं राहून फोटो काढतात. नवी नवरी त्याला टेकून उभी होती, आणि हे म्हणताना मला अजून जड जातं, पण बरी दिसत होती. साहेब ऊन असतानाच जेवून घेऊन, हात मागं बांधून खांबाशेजारी उभे होते. एक उसाची गाडी जोरात वळणावर आली. साहेबांनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं आणि स्वतःही सरकले. घाबरून नाही. कुणी वडीलधारं आल्यावर आपण जागा करून देतो, तसे. गाडी व्यवस्थित वळली आणि निघून गेली.

"बरं झालं," साहेब म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. तरी त्यांनी तिच्या मागं जरा वेळ बघितलंच.

निघताना वहिनी स्टिअरिंगवर बसल्या. प्लास्टर निघालं होतं, बॉनेट नवं होतं. साहेब मागच्या सीटवर मधोमध, पट्टा लावून. गाडी रस्त्याला लागली, आणि मागच्या काचेतून साहेबांनी वळून हात वर केला. मला भरून आलं. मीही हात हलवला, पुष्कळ वेळ हलवला. गाडी वळणापाशी पोचली तरी त्यांचा हात तसाच होता, आणि नजर माझ्या डोक्याच्या बरीच वर, जिथं खांब छताला मिळतो तिथं लागलेली होती. मग मी हात खाली घेतला आणि मधून बाजूला झाले.